यंत्राचा ताल, माणसाचा हात

आजचा विषय थोडा वेगळ्या वळणाचा आहे. 'हेवी मेटल' किंवा नुसतेच 'मेटल' या नावाने ओळखला जाणारा पाश्चात्त्य संगीताचा एक दणदणीत प्रकार आहे. शहरातल्या मुलांना तो नवा नाही. आता तालुक्याच्या गावांतली मुलेही मोबाईलवर तो ऐकतात, आणि त्यांतली काही जण घरच्या घरी, संगणकाच्या साहाय्याने, असे संगीत ध्वनिमुद्रित करण्याची खटपट करतात. गिटार स्वतः वाजवायची आणि ड्रम मात्र संगणकाकडून वाजवून घ्यायचे, अशी त्यांची रीत असते. हे संगणकाचे ड्रम माणसाने वाजवल्यासारखे वाटावेत म्हणून कोणते निवडावेत आणि निवडल्यावर ते कसे वापरावेत, एवढेच आज आपल्याला पाहायचे आहे.

कुणी म्हणेल, "अहो, या गोंगाटाशी आमचा काय संबंध?" संबंध असा आहे. ज्या घरात असा मुलगा किंवा अशी मुलगी आहे, तिथे आज ना उद्या पैशाचा प्रश्न निघतो. "माझे ड्रम खरे वाटत नाहीत, दुसरं सॉफ्टवेअर घेऊन द्या," असा हट्ट सुरू होतो. वडील म्हणतात, "तुझ्या सरांना विचार." आणि सरांना त्यातले काही ठाऊक असण्याचे कारण नसते. मग एक तर पैसे वाया जातात, नाही तर मुलाची उमेद जाते. चार-सहा महिन्यांत गिटार खुंटीला लागते. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

प्रथम या संगीताचा स्वभाव थोडक्यात समजून घेऊ. मेटलचा उगम साधारणपणे इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात मानतात. १९७० सालच्या फेब्रुवारीत तिथल्या 'ब्लॅक सॅबथ' या चौघांच्या वाद्यवृंदाची पहिली तबकडी निघाली. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी हा पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हात नेमका तोच. त्याने बोटांना टोपणे बसवली, हलक्या तारा लावल्या, आणि पुढे त्या सैल करून सूरही खाली उतरवला. त्या जड, खालच्या सुराची पुढे एक परंपराच झाली.

या संगीतात गिटारचा आवाज विजेच्या उपकरणातून मुद्दाम भरडून काढतात. असा भरडलेला आवाज भिंतीसारखा सलग उभा राहतो. तार हळू छेडली काय किंवा जोरात छेडली काय, आवाजाच्या लहानमोठेपणात फारसा फरक उरत नाही. मग गाण्यातला चढउतार, त्यातला श्वास सांभाळायचा कोणी? ते काम मुख्यतः ड्रमवादकाकडे येते. म्हणूनच ड्रम निर्जीव झाले की सगळे गाणेच निर्जीव होते.

ड्रमसेटमध्ये काय काय असते? जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा बास ड्रम असतो, तो पायाने वाजवतात. स्नेअर हा ताशासारखा कडक आवाजाचा, खालच्या बाजूला तारांची जाळी ताणलेला. शिवाय लहानमोठे टॉम. हाय-हॅट म्हणजे पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी. आणि दांड्यांवर बसवलेल्या मोठ्या झांजा: त्यांतली क्रॅश दणक्यासाठी आणि राईड लय धरून ठेवण्यासाठी. मेटलमध्ये बास ड्रम दोन्ही पायांनी वाजवण्याची पद्धत रूढ आहे. १९७९ सालच्या 'ओव्हरकिल' या मोटरहेडच्या गाण्यात ती ठळकपणे ऐकू येते. १९८७ साली 'नेपाम डेथ' यांची 'स्कम' ही तबकडी निघाली; तिच्यात स्नेअर, झांज आणि बास ड्रम यांचा अक्षरशः पाऊस पडावा असे वादन आहे. त्याला 'ब्लास्ट बीट' म्हणतात.

वेग किती असतो म्हणाल, तर एक छोटे गणित करू. गणिताच्या शिक्षकांनी ते वर्गात जरूर घालावे. मिनिटाला २०० ठोके, आणि प्रत्येक ठोक्याचे चार समान भाग करून प्रत्येक भागावर बास ड्रमचा एक आघात. म्हणजे मिनिटाला ८०० आघात झाले. सेकंदाला १३ हून थोडे अधिक, आणि दोन आघातांमधले अंतर सेकंदाच्या हजार भागांपैकी फक्त ७५ भाग. हे काम दोन पायांत वाटले तरी प्रत्येक पायाला सेकंदाला साडेसहाहून अधिक आघात करावे लागतात. असा वादक गावोगावी मिळत नाही. मिळाला तरी खरा ड्रमसेट घरात वाजवणे कठीण, कारण त्याचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. तो नीट मुद्रित करायला आठ-दहा मायक्रोफोन आणि चांगली खोली लागते. म्हणून ही मुले संगणकाकडे वळतात. त्यात गैर काही नाही.

आता संगणक ड्रम वाजवतो म्हणजे नेमके काय करतो? आपल्याकडच्या एका ओळखीच्या वाद्यावरून हे चटकन समजेल. लग्नाच्या वरातीत, बेंजो पार्टीत, ऑर्केस्ट्रात तुम्ही ऑक्टापॅड पाहिला असेल. १९८५ साली रोलंड या जपानी कंपनीने हे आठ चौकोनांचे वाद्य काढले, आणि पुढे त्याच्या अनेक आवृत्त्या आपल्याकडे खेडोपाडी पोचल्या. रबरी चौकोनावर काठी मारली की कधी ढोलकीचा, कधी ड्रमचा आवाज निघतो. तो आवाज यंत्रातला आहे. पण केव्हा मारायचे आणि किती जोराने मारायचे, हे मात्र माणूस ठरवतो. म्हणून ऑक्टापॅड चांगल्या हातात असला तर वरात नाचते.

संगणकावरच्या ड्रमचे याच्या बरोबर उलटे आहे. तिथला आवाज बहुधा खऱ्या वादकाने खऱ्या ड्रमवर मारलेल्या आघाताचा असतो. एकेक आघात वेगवेगळा मुद्रित करून साठवलेला असतो. अशा साठवलेल्या आघाताला 'सॅम्पल', म्हणजे नमुना म्हणतात. पण केव्हा आणि किती जोराने, हे मात्र आपण पडद्यावर ठिपके मांडून ठरवतो. थोडक्यात, ऑक्टापॅडमध्ये आवाज यंत्राचा आणि हात माणसाचा. संगणकात आवाज माणसाच्या हातचा आणि हात यंत्राचा. हा फरक पक्का लक्षात ठेवा. पुढचे सगळे विवेचन याच्यावरच उभे आहे.

या तंत्राचा इतिहासही मनोरंजक आहे. पूर्वीची तालयंत्रे बहुतेक करून विजेच्या मंडलांतून ठक्-ठक्, फस्-फस् असे कृत्रिम आवाज काढीत. १९८० साली अमेरिकेतील रॉजर लिन यांनी एलएम-१ हे यंत्र काढले. त्यात प्रथमच खऱ्या ड्रमचे मुद्रित नमुने अंकांच्या रूपात साठवलेले होते. किंमत सुमारे पाच हजार डॉलर. गंमत अशी की त्यात क्रॅश आणि राईड या मोठ्या झांजा नव्हत्याच! झांज बराच वेळ घुमत राहते, तो आवाज साठवायला यंत्राची स्मृती फार लागते, आणि त्या काळी ती महाग होती. पुढे १९८३ साली 'मिडी' नावाची संकेतपद्धती आली. कोणत्याही कंपनीचे वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला 'हा आवाज, या क्षणी, इतक्या जोराने' असा निरोप देऊ शकेल, अशी ही सोय. तिच्यात जोर १ पासून १२७ पर्यंतच्या अंकांनी सांगतात. आजही संगणकावरचे ड्रम याच भाषेत चालतात. मात्र स्मृती इतकी स्वस्त झाली की २०१७ साली निघालेल्या 'सुपीरिअर ड्रमर ३' या संचात २३० गिगाबाइटच्या आसपास नुसते आवाजच आहेत. कुठे ते झांजाविरहित यंत्र आणि कुठे हे कोठार!

आता निवडीकडे वळू. बाजारात संच पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाची जाहिरात कानाला गोडच लागते. जाहिरातीतले गाणे कसलेल्या मंडळींनी रचलेले आणि सजवलेले असते. त्यावरून संचाची पारख करणे म्हणजे सजवलेला बैल पाहून त्याची चाल ठरवण्यासारखे आहे. पुष्कळ कंपन्या काही दिवसांपुरती फुकट वापरायला आवृत्ती देतात. ती घ्यावी, गिटार बाजूला ठेवावी, आणि नुसते ड्रम वाजवून पुढील परीक्षा कराव्यात.

पहिली परीक्षा स्नेअरची. एकाच जोराने सोळा आघात भरभर मांडा आणि डोळे मिटून ऐका. खरा वादक एकच आघात दोनदा करू शकत नाही. काठी केसभर इकडेतिकडे पडते, कातड्याचा कंप अजून चालू असतो, त्यामुळे प्रत्येक आवाज किंचित निराळा निघतो. चांगल्या संचात एकाच जोराचे अनेक नमुने असतात आणि ते आळीपाळीने वाजतात. तशी सोय नसली तर एकच नमुना सोळा वेळा वाजतो आणि कानाला मशीनगनची तडतड ऐकू येते. मेटलमध्ये आघात इतके जवळजवळ असतात की हा दोष लपत नाही.

दुसरी परीक्षा जोराची. हळूहून मोठ्याकडे वीस-पंचवीस आघात चढवत न्या. तबल्यावर हलकी थाप आणि कडक थाप यांत नुसता लहानमोठेपणाचा फरक नसतो, आवाजाचा पोतच बदलतो. ड्रमचेही तसेच आहे. संचात जोराचे पुरेसे थर मुद्रित केले असतील तर पोत क्रमाने बदलत जातो. नसतील तर एकच आवाज नुसता लहानाचा मोठा होतो, किंवा मध्येच पायरी चढल्यासारखा एकदम उडी मारतो.

तिसरी परीक्षा झांजांची. क्रॅशवर एक आघात करा, आणि ती घुमत असतानाच दुसरा करा. पहिल्याचा घुमारा कात्रीने कापल्यासारखा तुटला तर तो संच बाजूला ठेवावा. हाय-हॅट पूर्ण बंद, थोडी उघडी, अर्धी उघडी, पूर्ण उघडी, असे टप्पे आहेत की नुसते उघडझाप एवढेच आहे, तेही पाहा. माझ्या मते संचाचे खरेखोटेपण सर्वांत आधी झांजेत उघडे पडते.

चौथी गोष्ट मायक्रोफोनची. खऱ्या मुद्रणात प्रत्येक ड्रमजवळ एक मायक्रोफोन असतो, काही डोक्यावर टांगलेले असतात, आणि काही खोलीत दूर ठेवलेले असतात. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून साडेतीन मीटरवरच्या मायक्रोफोनला तोच आघात सेकंदाच्या शंभराव्या भागाइतका उशिरा पोचतो. या सगळ्या आवाजांच्या मिश्रणातून 'हे एका खोलीत वाजते आहे' असा भास निर्माण होतो. चांगला संच हे निरनिराळे मायक्रोफोन वेगवेगळे कमीजास्त करू देतो. जवळचेच आवाज घेतले तर ड्रम कागदावर चिकटवल्यासारखे वाटतात. दूरचे फार घेतले तर वेगवान आघातांचा काला होतो. जलद गाण्यात खोलीचा आवाज कमी ठेवावा, संथ आणि जड गाण्यात वाढवावा.

पाचवी गोष्ट मसाल्याची. काही संच आधीच सजवून, ठणठणीत करून दिलेले असतात. काही कोरे असतात. सजवलेला संच म्हणजे तयार मसाला. नवशिक्याचे काम लवकर होते, पण शेजारच्या घरातल्या आमटीलाही तीच चव येते. कोऱ्या संचाला मेहनत लागते. पहिल्या वर्षी तयार मसाल्याने स्वयंपाक केला म्हणून कमीपणा येत नाही. तेवढा काळ कान तयार होऊ द्यावा.

सहावी गोष्ट आपल्या संगणकाची. दोनशे गिगाबाइटचे कोठार जुन्या, मंद संगणकावर चढवणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. संगणक मध्येच अडखळला की वाजवणाऱ्याचा रस जातो. आधी आपल्या संगणकाची स्मृती आणि डिस्कवरची मोकळी जागा पाहावी, मगच संच निवडावा.

आणि पैशाचे? सुरुवातीला एक रुपयाही खर्च करण्याची गरज नाही. 'ड्रमगिझमो' नावाचे एक मुक्त आणि विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. त्याच्यासाठी तयार केलेल्या विनामूल्य संचांपैकी एक तर डेन्मार्कमधील 'क्रोसेल' या मेटल वाद्यवृंदाच्या ड्रमवादकाच्या सेटवर मुद्रित केलेला आहे, आणि त्यात निरनिराळे मायक्रोफोनही वेगळे मिळतात. म्हणजे फुकट असूनही वरच्या परीक्षांना बसवण्याजोगा. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट मुलांच्या कानांवर घालावी. विकतच्या संचाची चोरलेली प्रत उतरवून घेऊ नये. ती चोरी तर आहेच, शिवाय तिच्याबरोबर संगणक बिघडवणारे विषाणू घरात येतात.

श्रोतेहो, इथवर झाली आवाजाची निवड. पण मघाशी आपण काय म्हटले? आवाज माणसाच्या हातचा आहे, हातच यंत्राचा आहे. मग जिथे उणीव आहे तिथे भर घालायला हवी. महागातला महाग संच घेतला तरी तो हात विकत मिळत नाही. आणि हा हात तयार करणे फुकट आहे, फक्त सवडीचे काम आहे.

त्यासाठी पहिला नियम असा: वादकाला दोनच हात आणि दोनच पाय असतात. ऐकायला हे हास्यास्पद वाटेल, पण पडद्यावर ठिपके मांडताना हा नियम हटकून मोडला जातो. दोन्ही हात टॉमवर फिरत असताना हाय-हॅटवर काठी पडत राहते, आणि वर एक क्रॅशही वाजते. ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे त्याला जाणवते. प्रत्येक ठिपका मांडताना विचारावे, "हा कोणत्या हाताने वाजला? तो हात क्षणापूर्वी कुठे होता?" दोन्ही पाय बास ड्रमवर गुंतले असतील तर हाय-हॅटची उघडझाप कोण करणार?

दुसरा नियम जोराचा. सगळे आघात १२७ वर नेऊन ठेवणे ही सर्वत्र आढळणारी खोड. मुलांना वाटते, संगीत दणदणीत आहे, मग जोर पूर्ण हवा. आपला साधा केरवा घ्या: धागेनाती नकधिन. आठही मात्रा सारख्याच जोराने आपटल्या तर तो ताल राहील का? समेला वजन असते, खालीला हलकेपणा असतो, मधले बोल भरणीचे असतात. ड्रममध्येही तसेच आहे. ठळक आघात ११५ ते १२०, साधे आघात ९५ ते १०५, आणि स्नेअरवर दोन ठळक आघातांच्या मध्ये हलक्या काठीने भरलेले बोल ३० ते ५०, असा ढोबळ अंदाज धरून सुरुवात करावी. संचागणिक हे आकडे थोडे बदलतील. शेवटी कानाचा निकाल मानावा. उजव्या हाताचा आघात डाव्यापेक्षा बहुधा किंचित भारी असतो, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरा नियम वेगाचा. काठी जितक्या वेगाने चालवायची तितकी ती कमी उंच उचलता येते, आणि कमी उंचीवरून आलेली काठी कमी जोराने आदळते. पायांचेही तेच. म्हणून संथ गाण्यातला बास ड्रमचा आघात आणि मघाच्या सेकंदाला तेरा आघातांतला एक आघात, हे सारख्या जोराचे असूच शकत नाहीत. ब्लास्ट बीटमध्ये स्नेअरचा जोर उतरवला की ती लगेच खरी वाटू लागते.

चौथा नियम वेळेचा. संगणक प्रत्येक आघात रेघेवर बरोबर बसवतो. माणूस बसवत नाही. म्हणून पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये 'ह्युमनाइझ' नावाचे एक बटण असते. ते दाबले की आघात इकडेतिकडे थोडे विस्कटतात. पण माणूस असा चिठ्ठ्या टाकून चुकत नाही. त्याच्या मागेपुढे होण्याला कारण असते. टॉमवरून झरझर उतरताना तो थोडी घाई करतो. संथ, जड भागात स्नेअर किंचित मागे ठेवतो, म्हणजे वजन वाढते. ध्रुपदाला चेव येतो, लय मिनिटाला दोन-तीन ठोक्यांनी चढते. हे सगळे हाताने, जाणूनबुजून मांडावे. विचलन सेकंदाच्या हजार भागांपैकी पाच-दहा भागांच्या आत राहू द्यावे. मघाचे गणित आठवा: दोन आघातांत अंतरच ७५ भागांचे आहे, त्यात वीस-पंचवीस भाग सरकवले तर ते लडखडणे होईल. आणि बास ड्रम जिथे गिटारबरोबर पडतो तिथे तो गिटारला धरूनच असावा. गिटार तर आपण स्वतः हाताने वाजवलेली आहे, म्हणजे माणूस तिथे आधीच हजर आहे!

हे शिकायचे कुठे? चांगल्या वादकांचे चलच्चित्र पाहावे, आणि आवाज बंद करून पाहावे. हात कुठून कुठे जातात, झांज कधी मारतात, कधी टाळतात, हे अशा वेळी डोळ्यांना स्पष्ट दिसते. मग आवाज चालू करून तेच ऐकावे. आठवड्यातून एक तास असा दिला तरी दोन महिन्यांत मुलाच्या मांडणीत फरक पडेल.

आता एक शंका रास्त आहे. मेटलमधले नामांकित लोकही यंत्राचा आधार घेतातच ना? घेतात. यातली दोन उदाहरणे बोलकी आहेत. बर्मिंगहॅमच्याच 'गॉडफ्लेश' या वाद्यवृंदाने १९८९ साली 'स्ट्रीटक्लीनर' ही तबकडी काढली. तिच्यात ड्रमवादक नाही, तालयंत्र आहे, आणि ते यंत्र आहे हे लपवण्याचा कसलाही प्रयत्न नाही. कारखान्यातल्या घणासारखा तो निष्ठुर ठोका त्यांना हवाच होता. दुसरे उदाहरण स्वीडनमधील उमेओ या गावच्या 'मेशुगा' यांचे. त्यांचा वादक टोमास होके हा या क्षेत्रातला नावाजलेला माणूस. त्याच्या ड्रमचे नमुने मुद्रित करून एक संच तयार झाला होता, आणि २००५ सालच्या 'कॅच थर्टीथ्री' या तबकडीसाठी त्यांनी तोच संच संगणकावर मांडून वापरला. प्रत्यक्ष वादक घरात असताना! पण मांडणाऱ्यांना ड्रमवादकाचा हात पुरता ठाऊक होता. पुढच्या, २००८ सालच्या तबकडीत होके पुन्हा प्रत्यक्ष ड्रमवर बसला.

यावरून घेण्यासारखी गोष्ट ही, की आधी ठरवावे: आपल्याला माणूस ऐकवायचा आहे की यंत्र? दोन्ही प्रामाणिक आहेत. यंत्र ऐकवायचे असेल तर ते उघडपणे ऐकवावे, मग वरचे नियम मोडले तरी हरकत नाही. माणूस ऐकवायचा असेल तर त्याचे दोन हात, दोन पाय, त्याची दमणूक आणि त्याचा चेव यांचा मान राखावा. ज्याचा निर्णयच झालेला नाही त्याचे ड्रम अर्धवट राहतात, आणि मग तो एकामागून एक संच विकत घेत बसतो.

शेवटी एक सूचना. आपल्या गावात किंवा शेजारच्या गावात ऑक्टापॅड वाजवणारा कोणी ना कोणी असतो. बहुतेक ऑक्टापॅडना मिडीची तार जोडण्याची सोय असते. ती संगणकाला जोडणारी केबल फार महाग नाही. ती जोडली की त्या वादकाने रबरी चौकोनावर केलेला प्रत्येक आघात, त्याच्या जोरासकट आणि त्याच्या वेळेसकट, संगणकात उतरतो, आणि निवडलेल्या संचाच्या ड्रममधून वाजतो. म्हणजे आवाज खऱ्या ड्रमचा आणि हातही खऱ्या माणसाचा. दोन पायांचे अतिवेगवान आघात तेवढे मागाहून पडद्यावर मांडावेत. वरातीत वाजवणाऱ्या माणसाला मेटल ठाऊक नसेल; पण वजन कुठे टाकायचे आणि हात कुठे हलका करायचा, हे त्याला पुस्तकावाचून कळते. त्याला घरी बोलवावे, चहा द्यावा, गाणे ऐकवावे, आणि त्याच्या वेळेचा मोबदलाही द्यावा. हजारो रुपयांच्या संचाने जे साधत नाही ते कदाचित त्या एका दुपारी साधेल, आणि एकट्याने खोलीत बसून गिटार वाजवणाऱ्या मुलाला एक सोबतीही मिळेल.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे कोणी मुलगा "सर, ड्रम खरे वाटत नाहीत" म्हणून आला, तर त्याला दोनच प्रश्न विचारा. "तुझ्या संचाने स्नेअरची सोळा आघातांची परीक्षा दिली का?" आणि "तुझ्या वादकाला हात किती?" पहिल्याचे उत्तर नाही आले तर दुसरा संच पाहायला सांगा, आधी फुकटातला. दुसऱ्याचे उत्तर तीन किंवा चार आले, तर वडिलांच्या खिशाला हात घालण्याचे कारण नाही. त्याला म्हणावे, घरी जा आणि ते जास्तीचे हात आधी काढून टाक.